ठसका कधी लागतो?

दूध पिताना तान्ह्या बाळाला ठसका लागला, की घरातलं मोठं माणूस टाळूवर हलकेच फुंकर घालतं, पाठीवरून हात फिरवतं. बाळ सावरतं, सगळे विसरून जातात. आणि बहुतेक वेळा ते विसरण्यासारखंच असतं. पण एखाद्या बाळाला जवळपास दर वेळी पाजताना ठसका लागतो, छातीत घुरघुर राहते, वजन वाढत नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. अशा बाळाच्या स्वरयंत्रात जन्मतःच एक फट असू शकते.

घशात दोन वाटा फुटतात. पुढे स्वरयंत्र आणि श्वासनलिका, मागे अन्ननलिका. गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात या दोन्ही नळ्या एकाच मूळ नळीतून वेगळ्या होऊ लागतात. मधली भिंत वरपर्यंत पुरी झाली नाही, तर स्वरयंत्राच्या मागच्या बाजूला खाच राहते आणि दुधाचे थेंब श्वासाच्या वाटेला लागतात. साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळात ही फट आढळते. 1989 मध्ये बेंजामिन आणि इंग्लिस या डॉक्टरांनी तिचे चार प्रकार मांडले. पहिल्या प्रकारात ती स्वरतंतूंच्या वरच थांबते. चौथ्यात छातीतल्या श्वासनलिकेपर्यंत उतरते, आणि मग बाळाच्या जिवावरच बेतते.

मोठी फट जन्मानंतर लगेच लक्षात येते. लहान फट असलेलं बाळ मात्र महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दमा किंवा पोटातलं आम्ल वर येण्याचा त्रास म्हणून औषधं घेत राहतं. एक्स-रेमध्ये फुप्फुसावरचा डाग दिसतो, फट दिसत नाही. बेरियम मिसळलेलं दूध पाजून एक्स-रेखाली गिळणं पाहिलं, तर दूध श्वासनलिकेत जाताना दिसतं. ते कुठून शिरलं, हे नेहमी कळत नाही. नाकातून घातलेल्या बारीक दुर्बिणीलाही ही फट चकवू शकते, कारण दोन्ही बाजूंची मऊ अंतःत्वचा एकमेकींवर येऊन ती झाकून टाकते. म्हणून बाळाला भूल देऊन सरळ दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहावं लागतं आणि मागचा भाग बारीक सळईने अलगद विलग करून खाच किती खोल आहे, हे चाचपावं लागतं. इथे नुसती नजर पुरत नाही, स्पर्श लागतो.

उपचार खोलीवर ठरतात. फट उथळ असेल, तर दूध थोडं दाट करून, नीट बसत्या स्थितीत पाजून आणि आम्लाचा त्रास आवरून अनेक मुलं निभावतात. मात्र दूध दाट करणं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्यांना त्यातून धोका पोहोचू शकतो. एवढ्याने भागलं नाही, तर तोंडातून दुर्बीण घालून फटीच्या कडा लेझरने खरवडतात आणि टाके घेऊन जोडतात. गळ्यावर छेद द्यावा लागत नाही. खोल फटींसाठी गळा उघडून शस्त्रक्रिया करावी लागते, कधी छातीही. स्वीडनच्या पेटरसन यांनी 1955 मध्ये अशा बाळावर यशस्वी शस्त्रक्रिया केल्याची नोंद केली. त्याआधी या निदानापुढे डॉक्टर हात टेकत. फटीसोबत अन्ननलिकेचे किंवा हृदयाचेही दोष असू शकतात, म्हणून बाळाची सर्वांगीण तपासणी करतात.

या साऱ्याची सुरुवात मात्र घरातून होते. ठसका कधी लागतो? पाण्याने, वरणाच्या पाण्याने लागतो आणि दाट खिमटीने लागत नाही, असं आई सांगते, तेव्हा ती निदानाचा पहिला धागा हातात देत असते. पातळ पदार्थ झटकन घसरतो आणि फटीत शिरतो. काही बाळांना तर दूध श्वासात जाऊनही ठसका लागत नाही. तिथे वारंवार होणारा न्यूमोनिया हीच खूण. पाजतानाचा छोटा व्हिडिओ कान-नाक-घसा तज्ज्ञांना अवश्य दाखवावा. दवाखान्यात शांत झोपलेल्या बाळाचा घसा काही सांगत नाही. जिने त्याला दिवसातून आठ वेळा पाजलेलं असतं, तिला ते ठाऊक असतं. तिला विचारायला हवं, आणि तिचं ऐकायला हवं.