रेट सांगण्याआधी फाईल मागा

‘नमस्कार मॅडम, इंग्लिश टू मराठी ट्रान्सलेशनचा रेट काय?’ मी कोल्हापुरात घरून अनुवादाची कामं करते. व्हॉट्सॲपवर, ईमेलवर, लिंक्डइनवर येणाऱ्या बहुतेक चौकशा अशाच, एका ओळीच्या असतात. मजकूर कसला, किती, कधी हवा, वाचणार कोण, यातलं काहीच त्यात नसतं. या व्यवसायात नव्याने आलेली मुलंमुली मला विचारतात, ‘आम्ही लगेच रेट कळवतो, तरी समोरून पुढे काही येतच नाही. आमचा रेट जास्त आहे का?’

माझ्या मते अडचण बहुतेकदा रेटची नसते. ज्याला पहिल्यांदाच अनुवाद करून घ्यायचा आहे, त्याला कामाचा अंदाज नसतो. चांगला अनुवाद कसा ओळखायचा हेही माहीत नसतं. म्हणून त्याला सुचणारा एकच प्रश्न तो विचारतो. आपण नुसता आकडा पाठवला, की तो आणखी चौघांच्या आकड्यांशेजारी ठेवला जातो आणि सगळ्यात लहान आकडा निवडला जातो. त्याचं काम त्याला नीट उलगडून दाखवलं, तर मात्र तो आपल्याशी बोलायला लागतो. चौकशीतून काम मिळणार की नाही, हे बरंचसं पहिल्या उत्तरातच ठरतं.

पहिल्या उत्तरात काय असावं?

माझं उत्तर साधारण असं असतं: ‘नमस्कार. फाईल पाहायला मिळाली तर नेमका खर्च आणि नेमकी तारीख आजच कळवते. मजकूर वर्डमध्ये आहे की स्कॅन केलेला? मराठी मजकूर छापायचा आहे की वेबसाइटवर टाकायचा आहे? तो वाचणार कोण? आणि कोणत्या तारखेपर्यंत हवा आहे?’

यातल्या प्रत्येक प्रश्नामागे पैशाचा आणि वेळेचा हिशेब आहे. वर्डमधले शब्द एका क्लिकवर मोजता येतात. स्कॅन केलेल्या कागदाचे मोजता येत नाहीत, शिवाय त्यातले तक्ते नव्याने आखावे लागतात. वाचणाऱ्यावर भाषा ठरते. ऑपरेशनआधी रुग्णाचे नातेवाईक ज्या संमतिपत्रावर सही करतात, ते त्यांना एका वाचनात कळलं पाहिजे. कोर्टात जाणाऱ्या कागदात परिभाषा काटेकोर लागते. दोन्हींना लागणारा वेळ वेगवेगळा.

छपाईचा प्रश्न तर मी कधीच सोडत नाही. अनेक छापखान्यांत आजही श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं, आणि आपण मजकूर देतो युनिकोडमध्ये. एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना ‘दुसऱ्या’मधला अर्धा र तुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, एखादं जोडाक्षर सुटं होतं. माझी फाईल बिनचूक असली तरी छापलेल्या पत्रकात चुका दिसतात, आणि नाव अनुवादकाचं खराब होतं. म्हणून छपाईचं काम असेल तर डीटीपीनंतरचं प्रूफ मी पुन्हा वाचते आणि त्याची रक्कम वेगळी दाखवते. हे ग्राहकाला आधी सांगितलं, की त्याला कळतं, ही बाई आपलं पत्रक छापून हातात येईपर्यंतचा विचार करते आहे. असा विश्वास स्वस्त रेटने मिळत नाही.

उत्तर त्याच दिवशी जायला हवं. चौकशी करणारा एकाच वेळी तिघाचौघांना विचारत असतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरं साठवून ठेवता येतात. वरचे प्रश्न तिथे ठेवावेत आणि पाठवताना पहिली ओळ त्या माणसाच्या कामाला धरून लिहावी.

नमुना द्यावा, पण मर्यादेत

फाईल आली, की तिच्यातलाच एक परिच्छेद अनुवाद करून मी कोटेशनसोबत जोडते. आपली ओळख, अनुभव, प्रमाणपत्रं यांपेक्षा स्वतःच्याच मजकुराचा चांगला मराठी परिच्छेद ग्राहकाला जास्त पटतो.

मात्र नमुना दोनशे शब्दांच्या आत ठेवावा. मोठं काम तुकडे करून वेगवेगळ्या अनुवादकांना ‘टेस्ट’ म्हणून द्यायचं आणि फुकटात पदरात पाडून घ्यायचं, ही लबाडी या व्यवसायात जुनी आहे. दोनशे शब्दांपेक्षा मोठी चाचणी मागितली, तर तिचे पैसे सांगावेत. खरा ग्राहक त्यावर नाराज होत नाही.

एका पानाचं कोटेशन

कोटेशन एका पानात मावावं आणि त्यात संदिग्ध काही नसावं. उदाहरणादाखल ४,००० शब्दांची पुस्तिका घेऊ. शब्दाला २ रुपये धरले तर ८,००० रुपये. दिवसाला २,००० शब्द धरले तर अनुवादाला दोन दिवस आणि तपासणीला एक. चौथ्या दिवशी सकाळी फाईल हातात. सात दिवसांच्या आत सुचवलेल्या दुरुस्त्या एकदा याच रकमेत, मूळ मजकूरच बदलला तर त्याचा आकार वेगळा. निम्मे पैसे काम सुरू करताना, उरलेले फाईल देताना.

हिशेब मूळ इंग्रजी शब्दांवर करावा. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे अनुवादात शब्द कमी भरतात. आणि मूळ शब्द ग्राहक स्वतः वर्डमध्ये मोजून पाहू शकतो, त्यामुळे वादाला जागा उरत नाही.

‘थोडं कमी करा ना’ हे वाक्य येणारच. त्यावर मी रेट कमी करत नाही, काम कमी करून देते. तारीख पुढे ढकलायची का, प्रूफवाचन तुम्ही तुमच्याकडे करून घ्याल का, आधी महत्त्वाची प्रकरणंच करू का, असे पर्याय समोर ठेवते. रेट कमी केला, की आधीचा आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो. पर्याय दिले, की प्रत्येक रुपया कशाचा आहे ते त्याला दिसतं.

कोटेशननंतर शांतता पसरली, तर तीन-चार दिवसांनी एकदा विचारावं: ‘कोटेशनमध्ये काही शंका आहे का?’ पुढे पंधरवड्याने आणखी एकदा, त्यानंतर थांबावं. बजेट मंजूर व्हायला वेळ लागतो, काम पुढच्या महिन्यावर जातं. आपण तगादा लावला नसेल, तर तो माणूस पुन्हा आपल्याकडेच येतो.

पैसे हातात येईपर्यंत

ॲडव्हान्स मागायला नवीन मुलं संकोचतात. संकोचू नका. यूपीआयवर निम्मी रक्कम यायला मिनिटही लागत नाही. ती देताना जो अडतो, तो उरलेली देतानाही अडतो. परदेशी एजन्सीकडून चौकशी आली, तर तिची पैसे देण्याची सवय आधी तपासावी. अनुवादकांच्या ‘प्रोझ’ या व्यासपीठावर ‘ब्लू बोर्ड’ आहे, तिथे अनुवादक एजन्सींबद्दलचे आपले अनुभव नोंदवतात. कुणी ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरची रक्कम परत मागत असेल, तर ती फसवणूक समजावी. परत केलेले पैसे जातात आणि चेक नंतर वटत नाही.

कंपन्यांशी व्यवहार असेल तर ‘उद्यम’ ही सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवावी. ती ऑनलाइन होते, आधारवर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. सेवा देणारा एकटा माणूसही यात येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापला, की कंपनीच्या अकाउंट्स विभागाला हे सारं वेगळं सांगावं लागत नाही.

कंपनी फीमधून १० टक्के टीडीएस कापत असेल, तर तो खर्चात गेला असं समजू नये. तो आपल्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो. जीएसटी नोंदणी सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. ‘जीएसटी नंबर नाही का?’ असं विचारलं, तर हे स्पष्ट सांगावं.

चौकशी प्रकाशकाकडून असेल तर आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी. स्वतंत्रपणे केलेल्या अनुवादावर कॉपीराइट मुळात अनुवादकाचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखीच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला असं मानलं जातं. एकरकमी पैसे घ्यायचे की रॉयल्टी, हे त्यानंतर ठरवावं.

काम झाल्यावर

फाईल देताना मी सोबत शब्दयादी देते. या ग्राहकाच्या मजकुरात कोणत्या इंग्रजी संज्ञेला कोणता मराठी शब्द वापरला, त्याची ही यादी. तिची एक प्रत माझ्याकडेही राहते. पुढची पुस्तिका, पुढचं ॲप आलं, की शब्द तेच राहतात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. ज्याची शब्दयादी आपल्याकडे आहे, तो दुसऱ्याचा रेट विचारत बसत नाही. माझी बरीचशी कामं आज अशा जुन्या ग्राहकांची आणि त्यांनी पाठवलेल्या ओळखीच्या लोकांची आहेत.

मुंबईत ऑफिस नाही, मोठ्या कंपनीचं नाव पाठीशी नाही, तरी कोल्हापुरात बसून हा व्यवसाय मानाने करता येतो, यावर माझा ठाम विश्वास आहे. समोरच्याने आपल्याला पाहिलेलं नसतं. त्याच्याकडे आपली फक्त लिहिलेली उत्तरं असतात. मग ती उत्तरं आपण अनुवाद करतो तितक्याच काळजीने लिहिली पाहिजेत.