लिंक्ड लिस्ट बिघडली, पण बिघडवली कुणी?

लिनक्सच्या लॉगमध्ये ‘लिस्ट डेल करप्शन’ अशी ओळ आली आणि खाली एखाद्या ड्रायव्हरचं नाव दिसलं की तोच दोषी, असं बीदर-कलबुर्गीकडची अभियांत्रिकीची मुलं धरून चालतात. मग निर्दोष कोडमध्ये दिवसचे दिवस चूक शोधतात. मला या गैरसमजाचं फार वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

लिनक्स कर्नलमधली लिस्ट गोल आणि दुहेरी असते. आपल्याकडे पंचमीला बायका फेर धरतात तशी: एक हात पुढचीच्या हातात, दुसरा मागचीच्या. एखादी बाहेर पडली की तिच्या दोन्ही शेजारणी एकमेकींचा हात धरतात. डीबगचा पर्याय चालू असेल तर तपासणी त्याआधी मुख्यतः एवढं विचारते: मागचीने हिचाच हात धरलाय ना? आणि पुढचीने? ‘नाही’ आलं की ती ओळ छापली जाते. पण हात कधीचाच सुटलेला असू शकतो. कुणी परत केलेल्या मेमरीत लिहिलं असेल, कुणी एकच नोड दोन लिस्टांत घातला असेल. छापलेलं नाव चूक ज्याच्या पाळीत उघडी पडली त्याचं. मूळ गाठायला कासान हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन वापरावं. २०१५ पासून ते कर्नलमध्ये आहे. मेमरी कुठे घेतली आणि कुठे परत केली, दोन्ही ते दाखवतं.

काढलेल्या नोडच्या पॉइंटरांत मुद्दाम निकामी पत्ते भरतात, त्यांना ‘पॉइझन’ म्हणतात. त्यासाठी डीबगचा पर्याय लागतो असं पुष्कळांना वाटतं. तो बंद असतानाही ते भरले जातात. नेहमीच्या ६४-बिट इंटेल यंत्रावर असा पत्ता ‘डेड’ या अक्षरांनी सुरू होतो आणि १०० किंवा १२२ वर संपतो. लॉगमध्ये तो दिसला तर बहुधा नोड आधीच काढलेला होता.

तपासणी आहे म्हणून लॉक नको, हेही खोटं. दोन प्रोसेसर एकाच वेळी लिस्ट बदलू लागले तर तपासणी आणि बदल यांच्या मधल्या क्षणात सगळं उलटतं.

‘ही तपासणी फक्त प्रयोगशाळेतली, चालू यंत्रावर परवडत नाही’ हा समज मात्र एकेकाळी बराचसा खरा होता. २०२३ च्या ६.६ आवृत्तीत ‘लिस्ट हार्डन्ड’ हा हलका पर्याय आला. त्यात पॉइझनची वेगळी तपासणी गाळली आहे, कारण त्या पत्त्यावर गेलं की यंत्र स्वतःच अडतं. शेजाऱ्यांच्या हातांची तपासणी मात्र ठेवली आहे.