फॉरमॅट मारण्यापूर्वी

मी मराठीचा प्राध्यापक. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी आमची सौ. हातोडी माझ्या हाती देत नाही. अशा माणसाने बिघडलेल्या संगणकांविषयी दिवाळी अंकात लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही वाटते. पण २०१९ सालच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझे सासरे, नाना, रत्नागिरीकडे प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते पुण्याला आमच्याकडे राहायला आले, ते दोन ट्रंका घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत कार्डे. पोस्टकार्डाएवढ्या प्रत्येक कार्डावर गावाकडच्या बोलीतला एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोणाच्या तोंडून ऐकला याची नोंद. गडगा, बेडे, खळे, आगोट असले शब्द छापील पुस्तकांतही सापडतील. पण नानांखेरीज कोणी टिपलेच नव्हते, असेही शब्द त्या ट्रंकेत खूप होते. सहा वर्षे खपून, दोन बोटांनी टाइप करून नानांनी ती सारी कार्डे संगणकात उतरवली. अक्षरागणिक एक, अशा ४१ फायली झाल्या.

काम पुरे झाले तेव्हा २०१८ सालच्या दिवाळीची साफसफाई चालू होती. “नाना, आता ही ट्रंक कशाला अडवून ठेवायची? सगळं आत आलंय की!” असे म्हणणारा शहाणा मीच. कार्डे रद्दीवाल्याच्या तराजूत गेली.

वर्ष सरले आणि एका सकाळी संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: सुरू होण्याजोगे काही सापडत नाही, अशा अर्थाची. मी ते धूड रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानी नेले. तिथल्या तरुणाने दोन मिनिटांत निदान केले.

“विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून नवीन टाकतो. संध्याकाळी घेऊन जा.”

“आणि आत लिहिलेलं?”

“बॅकअप नाही? मग ते गेलं म्हणा.”

सुदैवाने मी संगणक तसाच परत आणला. दारातच नानांनी विचारले, “जावईबापू, काय म्हणाला तो?” मी म्हणालो, “बघू म्हणाला.” इतके सरळ खोटे मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत एक साहाय्यक आहे. विद्यार्थी असताना माझ्या तासाला मागच्या दाराने नियमितपणे पसार होणारा. त्याला हकीकत सांगितली, तसा तो त्याच संध्याकाळी कागदी पाकिटात एक चकती घेऊन घरी आला. “सर, दुकानात काही करू दिलं नाहीत ना? मग आशा आहे.”

या चकतीची कुळकथा थोडक्यात सांगतो. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो जगाला मोकळा केला. २००० साली क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने ‘नॉपिक्स’ बाहेर काढले. लिनक्सची सारी मांडणी एका सीडीवर अशी दाबून बसवलेली, की सीडी घालताच संगणक तिच्यावरूनच चालावा. आतल्या हार्ड डिस्कला हात लावण्याचे कारण नाही. ७०० मेगाबाइटच्या सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज मावत असे. पुढे खास दुरुस्तीसाठी अशा चकत्या निघाल्या. आमच्याकडे आलेली ‘सिस्टिमरेस्क्यू’ ही त्यांतलीच. ती २००३ पासून निघते आहे आणि फुकट मिळते.

हिची किमया समजायला सोपी आहे. घराचे कुलूप बिघडले म्हणून घरातले सामान जळून जात नाही. विंडोज हे कुलूप. नानांचे शब्द हे सामान. संगणकाचे बटण दाबले की आतल्या पाटीवरचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो आणि पुढचा कारभार कोणाला द्यायचा ते ठरवतो. एरवी तो हार्ड डिस्कला हाक मारतो. पण त्या क्षणी एफ १२ किंवा त्या त्या यंत्राची ठरलेली कळ दाबली, तर तो यादी पुढे ठेवतो. तिच्यातून चकती निवडायची. मग लिनक्स संगणकाच्या स्मरणात येऊन बसते आणि हार्ड डिस्क नुसती रोग्यासारखी पडून राहते.

साहाय्यकाने ‘फक्त वाचायचे, लिहायचे नाही’ अशी अट घालून ती डिस्क उघडली. आतल्या कप्प्यांची नावे पडद्यावर आली. त्यांत ‘शब्द’ हे नाव दिसताच नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले. पण तो कप्पा उघडायला जावे, तो सारे थबकले. साहाय्यकाने हात आखडता घेतला.

“सर, विंडोज बिघडलं ते वरवरचं. मूळ दुखणं डिस्कचं आहे. आता एकेक फाइल उघडत बसलो, तर तिचा उरलासुरला दम आपणच खर्च करू.”

मग त्याने ‘डीडीरेस्क्यू’ नावाचे हत्यार काढले. अंतोनियो दियास दियास या गृहस्थांनी २००४ साली ते केले. त्याची रीत मला फार आवडली, कारण मी उत्तरपत्रिका तशाच तपासतो. स्वच्छ अक्षराच्या आधी. दुर्बोध बाजूला ठेवून त्यांच्याकडे पुन्हा वळायचे. हेही डिस्कचा जो भाग सहज वाचता येतो तो आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते, अडेल तो भाग ओलांडून पुढे जाते आणि शेवटी त्या अडेल जागांशी पुन्हा पुन्हा झटते. कुठवर आलो याची नोंदही ठेवते, म्हणजे वीज गेली तरी पहिल्यापासून आरंभ नको.

काळ्या पडद्यावर पांढरे आकडे रात्रभर सरकत होते. पहाटे पाणी प्यायला उठलो, तो नाना शाल पांघरून समोर बसलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम संपले. जुनी डिस्क काढून ठेवली आणि पुढची सारी खटपट नकलेवर केली. ४१ पैकी ४० फायली धड उघडल्या. ‘म’ची मात्र उघडली नाही.

नव्या डिस्कवर संगणक पुन्हा चालू झाला. नाना ‘म’ नव्याने लिहायला बसले. शब्द आठवत, अर्थही आठवत. पण मध्येच बोटे थांबत. “हा शब्द मला कोणा म्हातारीनं सांगितला होता. कुठली बरं ती?” ती नोंद रद्दीत गेलेल्या कार्डावर होती. मी काही बोललो नाही.

त्यानंतर मी ही विद्या थोडीफार शिकलो. शेजारच्या एका डिस्कवरची विभागणीच पुसली गेली होती. याच चकतीवरच्या ‘टेस्टडिस्क’ने ती शोधून पूर्ववत केली. तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगतो. आधी आतला ऐवज बाहेर काढा, दुरुस्ती मागाहून. डिस्क टकटक वाजत असेल तर संगणक ताबडतोब बंद करून जाणत्याकडे न्या. डिस्क कूटबद्ध असेल तर किल्लीवाचून ही चकतीही हतबल आहे. ती किल्ली आजच कागदावर लिहून ठेवा. कूटबद्ध नसेल तर मात्र विंडोजचा पासवर्ड हिला अडवू शकत नाही. म्हणून संगणक परक्याच्या हाती देताना विचार करा. नव्या लॅपटॉपना चकतीची खाचच नसते. त्यांच्यासाठी हेच सारे पेनड्राइव्हवर उतरवता येते. ते संगणक धडधाकट असतानाच करावे आणि एकदा चालवून पाहावे. आग लागल्यावर विहीर खणू नये. आणि चकती जवळ आहे म्हणून नक्कल ठेवण्याचा आळस करू नये. आमचा ‘म’ अजून पुरा झालेला नाही.

नानांच्या फायलींच्या आता तीन नकला आहेत. एक माझ्या महाविद्यालयातल्या कपाटात. शिवाय नानांनी पुन्हा कार्डे लिहायला घेतली आहेत. पहिलीच ट्रंक अर्धी भरली. यंदाची साफसफाई तोंडावर आली आहे. माळा झाडायचे काम सौ.ने माझ्याकडे दिले आहे, पण त्या ट्रंकेला हात लावण्याची माझी छाती नाही.