काटा आणि कंबर

वजनाचा विषय निघाला की सडपातळ मनुष्य निश्चिंत होतो. हा प्रश्न पोट सुटलेल्या शेजाऱ्याचा, अशी त्याची समजूत असते. ती कितपत खरी आहे, ते पाहू.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. अशी जादा चरबी पोटात साठली म्हणजे इन्सुलिनचे काम अडते आणि मधुमेहाला वाट मिळते. म्हणून काट्याबरोबर टेपही हाती घ्यावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० च्या आत असावी.

मग खावे काय? उपाशी राहणे हा उपाय नव्हे. त्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. रोहिणखेडकरांच्या ओळखीची ज्वारीची भाकरी घ्या. सत्तर ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे २३५ उष्मांक मिळतात. दिवसातून सहा कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर घालून घेतला, तर नुसत्या साखरेतूनच सुमारे २४० उष्मांक होतात! भाकरी आपल्याबरोबर सात ग्रॅम प्रथिने व तेवढाच चोथा देते. त्याने भूक थांबते. साखर यांपैकी काहीच देत नाही. तेव्हा आधी साखर व तळण आटोक्यात आणावे. भाकरीला वरणाची, उसळीची, पालेभाजीची जोड द्यावी.

परंतु या गोष्टीचे मूळ आणखी मागे आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथील बालके जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळ लहान. तरी चरबी मात्र त्या मानाने राखलेली. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा होती, त्यांची बालके आकाराने मोठी निघाली.

तात्पर्य, पुढच्या पिढीचे वजन आपल्या कमरेपाशी नव्हे, घरात सर्वांमागून जेवणाऱ्या सुनेच्या ताटापाशी ठरते. आज घरी गेल्यावर पातेल्यात तिच्यासाठी भाजी उरली आहे का, एवढे पाहावे.