चौकशी आणि पाठराखण

सार्वजनिक चौकशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे न्यायाधीश, वकील आणि कागदांचे गठ्ठे उभे राहतात. गोळीबारात माणसे मेली, लोकांत खळबळ माजली, आणि खरे काय घडले ते शोधून काढण्यास सरकारने न्यायाधीश नेमला, एवढा या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. पण ज्या घरांतली माणसे गेली, त्या घरांचे चौकशीच्या काळात काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तो नुसत्या तत्त्वचर्चेने उलगडणार नाही. म्हणून उत्तर आयर्लंडमधील डेरी या शहराचे उदाहरण घेऊ.

30 जानेवारी 1972 हा रविवार होता. विनाचौकशी स्थानबद्धतेच्या निषेधार्थ नागरी हक्क संघटनेने डेरीत मोर्चा काढला होता. बॉगसाइड या कामकरी लोकांच्या वस्तीत ब्रिटिश पॅराशूट पलटणीच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. तेरा माणसे ठार झाली; त्यांपैकी सहा जण अवघे सतरा वर्षांचे होते. जखमींपैकी एक गृहस्थ जूनमध्ये वारले, आणि गावकरी त्यांनाही धरून मृतांचा आकडा 14 मानतात.

चौकशी लगेच नेमली गेली. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड विजरी यांनी ती चालवली; पण डेरीत नव्हे, तर सुमारे तीस मैलांवरच्या कोलरेन या गावी. एप्रिल 1972 मध्ये अहवाल बाहेर पडला. तो अवघा 39 पानांचा होता. काही सैनिकांच्या गोळीबारावर त्यात ठपका होता खरा. पण मृतांपैकी काहींनी शस्त्रे किंवा बाँब हाताळले असावेत असा दाट संशयही नोंदवलेला होता. आईबापांनी मुलगा गमावला होताच. आता त्याचे नावही गमावले.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की शेजारी पिठले-भात आणून देतात, सांत्वनाला माणसे येतात, आणि तेराव्याला गोडाचे जेवण झाले की दुखवटा संपतो. दुःख संपत नाही, पण त्याला एक वेस घातली जाते. चौकशी ही वेस मोडते. डेरीच्या बाबतीत ती तब्बल 26 वर्षांनी मोडली. जानेवारी 1998 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी लॉर्ड सॅव्हिल यांच्या अध्यक्षतेखाली नवी चौकशी जाहीर केली. पूर्वीच्या पोरसवदा बहिणी आता प्रौढ झाल्या होत्या, आया म्हाताऱ्या झाल्या होत्या. गोळी कोठून शिरली, माणूस किती वेळ जिवंत होता, याचे वर्णन, नकाशे आणि छायाचित्रे पुन्हा त्यांच्यापुढे मांडली जाणार होती. कायद्याने कुटुंबांना वकील दिले. परंतु वकील प्रश्न विचारतो. संध्याकाळी घरी सोबत येत नाही. ती सोबत समाजालाच द्यावी लागते.

ही पाठराखण कोणकोणत्या कामांची बनलेली असते? पहिले काम शब्द जपण्याचे. गोळीबारानंतर लगेच नागरी हक्क कार्यकर्त्यांनी प्रत्यक्षदर्शींचे सुमारे 700 जबाब लिहून घेतले होते. विजरींनी त्यांना फारसे महत्त्व दिले नाही. पण कागद राहिले, आणि 1997 मध्ये त्यांतले पुष्कळसे पुस्तकरूपाने छापले गेले तेव्हा नव्या चौकशीच्या मागणीला मोठे बळ मिळाले. आपल्याला हा अनुभव परका नाही. 1919 च्या जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने सरकारी हंटर समितीपुढे न जाता स्वतःची चौकशी केली. त्या समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले मुकुंदराव जयकरही होते. त्यांनी सुमारे 1,700 साक्षीदारांचे म्हणणे तपासले आणि 650 जबाब प्रसिद्ध केले. भेदरलेल्या माणसाकडे आपण होऊन जाणे आणि त्याचे बोलणे लिहून ठेवणे, हीच तेथेही पहिली मदत ठरली.

दुसरे काम कायद्याची भाषा घरच्या भाषेत आणण्याचे. सॅव्हिल चौकशीत साध्या माणसाला बुचकळ्यात टाकणारे कितीतरी मुद्दे होते. बहुतेक सैनिकांची नावे गुप्त राहणार होती आणि ते अक्षरांनी ओळखले जाणार होते. साक्षीदाराने स्वतः दिलेली साक्ष पुढे त्याच्याच विरुद्ध खटल्यात वापरली जाणार नाही, असे आश्वासन दिले गेले होते. हे का, असे एखाद्या वृद्ध आईने विचारले तर उत्तर कोणी द्यायचे? चौकशीचे काम सत्य शोधण्याचे आहे, शिक्षा देण्याचे नव्हे. हा भेद आधी नीट समजला नाही तर शेवटी फसवणूक झाल्यासारखे वाटते.

तिसरे काम शेजारी बसण्याचे. डेरीत बहुतेक सुनावणी गिल्डहॉल या नगरभवनात झाली. सैनिकांच्या साक्षी मात्र न्यायालयाच्या निर्णयामुळे 2002 आणि 2003 साली लंडनला घेण्यात आल्या. कुटुंबांना गाव सोडून तेथे जावे लागले आणि ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांना बोलताना ऐकावे लागले. 1997 साली डेरीत निघालेल्या ‘कूनव’ या स्थानिक संस्थेने या काळात कुटुंबांना मानसिक आधार दिला. कूनव या आयरिश शब्दाचा अर्थच मुळी मदत. नवी नवरी सासरी जाताना तिच्याबरोबर पाठराखीण जाते. ती नवरीच्या वतीने बोलत नाही; पण परक्या घरात एक ओळखीचा चेहरा असतो. साक्षीदाराच्या सोबत्याचे काम असेच आहे. त्याने पाणी द्यावे, हात धरावा, गप्प बसावे. पण काय सांगायचे ते शिकवू नये. पढवलेली साक्ष उलटतपासणीत टिकत नाही, आणि तिच्यामुळे खऱ्या साक्षीवरही संशय येतो.

चौथे काम निकालाच्या दिवसाचे. 15 जून 2010 रोजी अहवाल प्रसिद्ध झाला. बारा वर्षे, 900 हून अधिक साक्षीदार, दहा खंड, सुमारे 5,000 पाने आणि 19 कोटी पौंडांहून अधिक खर्च, असा त्याचा पसारा होता. त्या दिवशी कुटुंबे बॉगसाइडमधून गिल्डहॉलपर्यंत चालत गेली. त्यांना काही तास आधी आत बसून अहवाल वाचू दिला गेला. बाहेरच्या चौकात हजारो लोक थांबले होते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी लोकसभेत गोळीबार असमर्थनीय असल्याचे सांगून माफी मागितली, आणि ते भाषण चौकात मोठ्या पडद्यावर दाखवले गेले. मग घराघरांतील एकेक माणूस बाहेर येऊन आपल्या माणसाचे नाव घेऊन ‘निर्दोष’ म्हणाला. ते ऐकायला चौक भरलेला होता, याचे महत्त्व अहवालाहून कमी मानू नये. अपकीर्ती चारचौघांत झाली होती. तिचे परिमार्जनही चारचौघांतच व्हावयास हवे होते.

तरीही येथे कथा गोड झाली असे समजू नका. अहवाल येईपर्यंत कित्येक आईबाप जग सोडून गेले होते. पुढे एका माजी सैनिकावर खटला भरला गेला. ऑक्टोबर 2025 मध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला पुराव्याअभावी निर्दोष सोडले. चौकशीने मृतांना निर्दोष ठरवले, पण अपराधी कोण ते फौजदारी न्यायालयात सिद्ध झाले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि कुटुंबांना त्या दोन्हींसह जगावयाचे आहे.

म्हणूनच समाजाची सोबत निकालावर अवलंबून असता कामा नये. निकाल मनासारखा लागला तर मिरवणुकीला माणसे जमतातच. विरुद्ध लागला, किंवा वर्षानुवर्षे लागलाच नाही, तर त्या घराचे दार कोण वाजवतो हे पाहावे. न्यायाधीश नेमणे सरकारच्या हाती आहे. जबाब लिहून घेणे, कागद जपणे, अवघड शब्द उलगडून सांगणे, सुनावणीला सोबत जाणे आणि अहवालाची बातमी जुनी झाल्यावरही त्या घरी जात राहणे, ही कामे मात्र कोणत्याही गावातल्या सामान्य माणसाला करता येण्याजोगी आहेत.