पाइप वेल्डिंगची परीक्षा : आतून तपासला जाणारा पेपर



प्रत्येक शाळेत एखादा मुलगा असा असतो, की ज्याचं वाचनात मन लागत नाही. पण वर्गातला मोडका बाक तोच दुरुस्त करून देतो. माझा असाच एक जुना विद्यार्थी आयटीआयमधून वेल्डर झाला. (हा ट्रेड 1 वर्षाचा असतो आणि आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो.) आता तो गावात गेट आणि ग्रिल बनवतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, पाइपाच्या टेस्टची प्रॅक्टिस करून राहिलो. दोनदा नापास झालो."

मी म्हटलं, "अरे, गेट तर किती छान जोडतोस! पाइपात काय अवघड?"

तो हसला. "सर, गेट दिसते. पाइप आतून दिसत नाही."

आजच्या लेखात आपण त्याचं हे वाक्य समजून घेऊया.

रॉडचं वेल्डिंग म्हणजे काय?

होल्डरमध्ये रॉड पकडतात आणि दुसरी वायर, म्हणजे अर्थिंग, लोखंडाला लावतात. रॉडचं टोक लोखंडाला घासून किंचित उचललं की मधल्या फटीत विजेची ज्योत पेटते. तिला आर्क म्हणतात. लोखंड साधारण 1,500 अंश सेल्सियसला वितळतं. आर्कचं तापमान त्याच्या दुपटीहून जास्त असतं. रॉडही वितळतो आणि जोडात भरला जातो. रॉडवरच्या लेपाचा धूर वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो आणि वर स्लॅगची खपली धरते. ती हातोडीने झाडावी लागते.

पाइप वेगळा का?

एक कृती करून पाहा. पाण्याची बाटली 45 अंशांत तिरपी बांधा. आता खडू घेऊन बाटलीभोवती गोल रेघ ओढा. दोन अटी आहेत : बाटली फिरवायची नाही आणि खडूचा बाटलीशी असलेला कोन बदलू द्यायचा नाही. खाली वाकावं लागेल, मनगट वळवावं लागेल, मधेच हात बदलावासा वाटेल.

हीच 6जी पोझिशन. 1जीमध्ये आडवा पाइप फिरवता येतो. 2जीमध्ये पाइप उभा असतो, 5जीमध्ये आडवा, आणि दोन्हींत तो जागेवरून हलवता येत नाही. 6जीमध्ये तो 45 अंशांत पक्का असतो. त्यामुळे डोक्यावरचं, उभं आणि आडवं वेल्डिंग एकाच जोडात करावं लागतं. म्हणूनच 6जी पास झालेला वेल्डर बाकीच्या पोझिशनलाही पात्र धरला जातो.

खरी परीक्षा पहिल्या थराची

दोन पाइपांची तोंडं तिरपी घासून समोरासमोर ठेवतात. मधे साधारण 3 मिलिमीटरची फट राखतात आणि चार ठिकाणी टाके मारतात. त्यानंतरचा पहिला थर म्हणजे रूट. काही ठिकाणी रूट टिग पद्धतीने घेतात. आपण सगळा जोड रॉडनेच करायचा आहे असं धरू.

पाइपाचं तोंड घड्याळ समजा. सुरुवात खाली 6 वाजल्यापासून होते. एका बाजूने वर 12 पर्यंत, मग पुन्हा 6 पासून दुसऱ्या बाजूने. आर्कच्या पुढे किल्लीच्या छिद्रासारखं छोटं भोक दिसत राहिलं पाहिजे. भोक बुजलं तर धातू आतपर्यंत पोचत नाही. ते फार मोठं झालं तर धातू आत लोंबतो. वेल्डर बाहेर उभा असतो, पण काम आत चाललेलं असतं. अंदाज त्या भोकावरून आणि आर्कच्या आवाजावरून घ्यायचा.

रूटला बहुधा 6010 आणि वरच्या थरांना 7018 रॉड वापरतात. या आकड्यांतही धडा आहे. 70 म्हणजे जोडाची ताकद, दर चौरस इंचाला 70,000 पौंड. त्यापुढचा 1 म्हणजे सगळ्या पोझिशनला चालणारा. 7018 ला ओल अजिबात चालत नाही. ओल्या रॉडमधला हायड्रोजन जोडात शिरतो आणि पुढे तडा जाऊ शकतो. म्हणून हा रॉड ओव्हनमध्ये कोरडा ठेवतात.

पेपर कसा तपासतात?

आधी डोळ्यांनी पाहतात. मग एक्स-रे काढतात किंवा जोडातून पट्ट्या कापून त्या यूच्या आकारात वाकवतात. काही पट्ट्यांची रूटची बाजू बाहेर ठेवतात, काहींची वरची. अमेरिकेच्या एएसएमई नियमांनुसार वाकवलेल्या पट्टीवर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. बाहेरून जोड कितीही देखणा असला तरी गुण नाहीत.

आणखी एक नियम मला आवडला. 6 महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही, तर पात्रता संपते. हाताची विद्या वापरात राहिली तरच टिकते.

इतकी कडक परीक्षा कशासाठी?

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या वीजकेंद्रांत बॉयलरच्या नळ्यांतून प्रचंड दाबाची वाफ धावते. तिथे एक कच्चा जोड फुटला तर माणसं भाजतात, जीव जातात. म्हणून आपल्याकडे 1950 च्या भारतीय बॉयलर नियमांनुसार अशा वेल्डरला वेगळी परीक्षा द्यावी लागते.

माझ्या विद्यार्थ्याने आता सरावाची रीत बदलली आहे. पूर्वी तो रोज अख्खा जोड पूर्ण करायचा. आता फक्त रूट घेतो, पाइप कापतो, आतून पाहतो आणि कुठे चुकलं तिथे खडूने खूण करतो. त्याची चूक बहुतेक 6 वाजताच सापडते, कारण तिथे त्याचा हात अवघडतो. म्हणून तो आता रॉड पेटवण्याआधी नुसताच हात फिरवून, कुठे टेकायचं ते ठरवून घेतो.

मित्रांनो, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. आपण मात्र अजूनही वही बाहेरून पाहून लाल टिक करतो. मुलाला उत्तर आलं, पण रूट आतपर्यंत गेलं का? पुढच्या वेळी वही तपासताना एक गणित त्याला तोंडी समजावून सांगायला लावा. कच्चा जोड तिथेच दिसेल, आणि शाळेत दिसला तर तो घासून पुन्हा भरताही येतो.