लक्ष्मीपूजनाची वही आणि संगणक

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी भिवंडीतील पेढ्यांवर लक्ष्मीपूजन होते. पाटावर लाल कापडी बांधणीची वही, पहिल्या पानावर स्वस्तिक व ‘श्री’, ही मांडणी जुनीच. अलीकडे तीत संगणकाची भर पडली असून त्यासही हळदकुंकू वाहिले जाते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून यंत्रमागांच्या या नगरीत सूतखरेदीपासून कापडविक्रीपर्यंतचा हिशेब संगणकाविना पुरा होणे कठीण झाले आहे. त्याचे लाभ आम्ही नाकारीत नाही. बेरजा चुकत नाहीत, जुनी नोंद क्षणात सापडते. परंतु वहीस परवलीचा शब्द लागत नसे. आज सर्व्हर बंद पडला किंवा ओटीपी आला नाही, तर ई-वे बिलावाचून भरलेला टेम्पो दारातच उभा राहतो. काही आज्ञावलींची वार्षिक वर्गणी थकली की नवी नोंदही करता येत नाही. लहान मागवाल्याचा परवलीचा शब्द तर पुष्कळदा बाहेरच्या हिशेबनिसापाशीच असतो. घामाचा पैसा आपला, पण त्याचा हिशेब पाहण्यास दुसऱ्याची वाट पाहावयाची!

वहीपूजन हे केवळ धनाचे पूजन नव्हे. देणेघेणे चोख ठेवण्याची ती प्रतिज्ञा आहे. म्हणून आम्ही सुचवितो की, पूजेपूर्वी खात्यांचा उतारा छापून पाटावर ठेवावा, एक प्रत निराळ्या डिस्कवर जपावी आणि परवलीचा शब्द स्वतःपाशी असू द्यावा. संगणकास हळदकुंकू त्यानंतर अवश्य वाहावे.

वाचकांस ही दीपावली सुखाची जावो.